विंडोजमधली ड्राइव्हची अक्षरं कशी ठरतात आणि कशी बदलायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकात नवी हार्ड डिस्क बसवली, पेन ड्राइव्हचं अक्षर अचानक बदललं, किंवा टॅलीत कालपर्यंत दिसणारी कंपनी आज गायब झाली, की लोक आधी डेटा गेला म्हणून घाबरतात. बऱ्याचदा डेटा जागच्या जागी असतो, बदललेलं असतं फक्त अक्षर. म्हणून हे पान जरा सविस्तर लिहिलं आहे. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत, पण बहुतेक गोष्टी विंडोज ७ वरही तशाच चालतात. मेनूंची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील आणि कमांडही इंग्रजीतच टाइप करायच्या आहेत.

हे अक्षर नेमकं असतं कुठे? डिस्कवर की संगणकात?

संगणकात, म्हणजे त्या संगणकावरच्या विंडोजमध्ये. ही एक गोष्ट पक्की लक्षात आली की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक जसा त्याच्या अंगावर लिहिलेला नसतो, शाळेच्या हजेरीपटात असतो, आणि शाळा बदलली की तोच मुलगा दुसऱ्या क्रमांकाला 'हजर' म्हणतो, तसंच हे आहे. तुमची एक्स्टर्नल डिस्क घरी 'ई' असेल आणि ऑफिसात 'जी'. डिस्कमध्ये काहीही बदललेलं नसतं.

विंडोजचा हा हजेरीपट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, असतो. लोकल मशीनच्या खाली 'सिस्टम' आणि त्यात 'माउंटेड डिव्हाइसेस' नावाची 'की', म्हणजे नोंदींचा कप्पा, आहे. कोणत्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाला, कोणतं अक्षर, याची नोंद तिथे होते. पार्टिशन ओळखायची खूण डिस्कच्या प्रकारावर अवलंबून असते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी १२ बाइटची नोंद असते: ४ बाइट डिस्कची स्वाक्षरी आणि ८ बाइट पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं ती जागा. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनचा स्वतःचा जागतिक ओळख क्रमांक असतो, तो नोंदवला जातो. हे सगळं सांभाळणाऱ्या भागाला माउंट मॅनेजर म्हणतात आणि तो विंडोज २००० पासून आहे.

उलट, ड्राइव्हला दिलेलं नाव, म्हणजे लेबल, खुद्द डिस्कवर साठवलेलं असतं आणि तिच्याबरोबर गावोगाव फिरतं. म्हणून डिस्क ओळखायची तर लेबलवरून ओळखा. 'बॅकअप_दुकान' किंवा 'लग्नाचे फोटो' असं सरळ नाव द्या, देवनागरीतही देता येतं. डिस्क एनटीएफएस प्रकारात फॉरमॅट केलेली असेल तर लेबल ३२ अक्षरांपर्यंत चालतं, फॅट३२ प्रकारात ११ पर्यंत.

पहिली डिस्क 'सी' का? 'ए' आणि 'बी' कुठे गेले?

ते फ्लॉपीचे होते. अक्षरांनी डिस्क ओळखायची पद्धत वैयक्तिक संगणकांत आणली गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीने, १९७४ च्या सुमारास. त्याआधी आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरच्या एका प्रणालीत असा अक्षरांचा वापर होता. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आणि त्याबरोबर डॉस ही प्रणाली आली, तेव्हा डॉसने ही पद्धत उचलली. त्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. जास्तीत जास्त दोन फ्लॉपी ड्राइव्ह आत बसायचे, तेच 'ए' आणि 'बी'. एकच फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर तोच दोन्ही नावांनी काम करायचा: 'बी'वर फाइल कॉपी करायला सांगितली की डॉस 'आता बी ची फ्लॉपी घाला' असा निरोप द्यायचं. आज हे वाचायला गमतीचं वाटेल, पण एका ड्राइव्हवर एका फ्लॉपीतून दुसरीत फाइल न्यायची ही फार शहाणी सोय होती.

मग १९८३ मध्ये १० एमबी हार्ड डिस्क घेऊन पीसी एक्सटी आला. पुढचं मोकळं अक्षर 'सी' होतं, तेच तिला मिळालं. फ्लॉपी गेल्या, पण तोवर असंख्य प्रोग्रॅममध्ये 'सी' पक्कं बसलं होतं.

नव्या डिस्कला विंडोज अक्षर कसं निवडतं?

आधी नोंद शोधतं. हे पार्टिशन या संगणकाने पूर्वी पाहिलेलं असेल आणि त्याचं जुनं अक्षर मोकळं असेल, तर तेच पुन्हा देतं. नोंद नसेल तर 'सी' पासून पुढे जात जे पहिलं मोकळं अक्षर सापडेल ते देतं आणि लिहून ठेवतं. 'ए' आणि 'बी' हार्ड डिस्कला आपणहून दिले जात नाहीत.

आपल्याकडे असेम्बल केलेल्या पीसीत एका डिस्कची 'सी', 'डी', 'ई' अशी पार्टिशनं करून द्यायची सवय खूप जुनी आहे. त्यावर डीव्हीडी ड्राइव्ह, कार्ड रीडर, मोबाइल जोडणारा एखादा प्रोग्रॅम, असे एकेक जण अक्षर घेत जातात. चार खाचांचा कार्ड रीडर रिकामा असला तरी चार अक्षरं अडवतो. विंडोज ८ पासून आयएसओ फाइलवर (सीडी-डीव्हीडीची फाइलरूपातली प्रत) डबल क्लिक केलं तरी तिला तात्पुरतं एक अक्षर मिळतं. पेन ड्राइव्ह एकदम 'के' का झाला, याचं उत्तर सहसा इथे असतं.

पूर्वी दुसरी हार्ड डिस्क लावली की 'डी' चं 'ई' व्हायचं. आता तसं का होत नाही?

कारण डॉस आणि विंडोज ९५-९८ कुठे काही लिहून ठेवत नव्हते. प्रत्येक वेळी संगणक सुरू झाला की अक्षरं नव्याने वाटली जायची, ठरलेल्या क्रमाने. आधी प्रत्येक डिस्कवरचं पहिलं प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशन. मग सगळ्या डिस्कवरची लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेली, पार्टिशनं. मग उरलेली प्रायमरी. सीडी-रॉमचा नंबर त्याच्याही नंतर, कारण त्याचा ड्रायव्हर उशिरा चालू व्हायचा. आता समजा एका डिस्कवर 'सी' प्रायमरी आणि 'डी' लॉजिकल आहे. दुसरी डिस्क लावली की तिच्या प्रायमरीचा नंबर तुमच्या लॉजिकलच्या आधी लागायचा, 'डी' ती घेऊन जायची आणि तुमचा जुना 'डी' सरकून 'ई' व्हायचा. सीडी-रॉमही एक घर पुढे जायचा आणि सीडी मागणारे प्रोग्रॅम अडून बसायचे. एनटी घराण्यात, म्हणजे विंडोज २००० आणि एक्सपीपासून सगळ्यांच्या घरात, नोंद ठेवली जाऊ लागली आणि हा त्रास संपला.

अक्षर बदललं तर डेटा जाईल का?

नाही. अक्षर बदलणं म्हणजे फॉरमॅट नव्हे. डिस्कवरची एकही फाइल हलत नाही. विंडोजच्या आत प्रत्येक व्हॉल्यूमचं, म्हणजे फॉरमॅट केलेल्या पार्टिशनचं, वेगळं मूळ नाव असतं, अक्षर हा त्याकडे बोट दाखवणारा दुवा आहे. तुम्ही फक्त तो दुवा बदलता.

मग बिघडतं काय?

जिथे जिथे कुणी जुना पत्ता लिहून ठेवला आहे ते सगळं. आणि हेच लोक हलक्यात घेतात.

टॅलीचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे दुकानापासून सीएच्या ऑफिसापर्यंत ते सगळीकडे आहे. डेटा 'डी' वरच्या फोल्डरमध्ये असेल आणि 'डी' चं 'ई' झालं, तर टॅली जुन्या पत्त्यावर जाऊन बघतं आणि कंपन्यांची यादी रिकामी दाखवतं. अशा वेळी सगळ्यात वाईट म्हणजे घाईने मागच्या आठवड्याचा बॅकअप रिस्टोर करून त्यात नोंदी करायला सुरुवात करणं. मग दोन वेगळी पुस्तकं तयार होतात आणि जुळवताना जीव जातो. आधी डेटाचा पाथ तपासा. अक्षर पूर्ववत करा किंवा टॅलीत नवा पाथ द्या, कंपनी परत दिसते.

असंच व्हिडिओ एडिटिंगमध्ये होतं: प्रोजेक्ट उघडतो पण सगळ्या क्लिप 'ऑफलाइन' दिसतात. डीटीपीत चित्रांच्या लिंक तुटतात. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, नेमून दिलेले बॅकअप, गेमची लायब्ररी, त्या ड्राइव्हवर हलवलेले डाउनलोड्स-डॉक्युमेंट्सचे फोल्डर, सगळ्यांत पूर्ण पाथ अक्षरासकट लिहिलेला असतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: ज्या ड्राइव्हवर प्रोग्रॅम इन्स्टॉल केलेले आहेत त्याचं अक्षर बदलू नका. ज्यावर फक्त फाइली आहेत त्याचं बदला, पण त्या फाइली कोण कोण उघडतं ते आधी आठवा. हिशेबाच्या संगणकावर तर मार्चअखेरीला हे काम काढूच नका.

बदलायचं कसं?

विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. ज्या पार्टिशनचं अक्षर बदलायचं त्यावर उजवं क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज', अक्षर निवडा, ओके. काही प्रोग्रॅम चालणार नाहीत अशी सूचना येते, ती वाचून 'येस' म्हणा. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. करण्याआधी त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली बंद करा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधूनही हेच होतं: सिस्टम, स्टोरेज, 'ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज', 'डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स'. मला मात्र डिस्क मॅनेजमेंटच बरं वाटतं, कारण तिथे सगळ्या डिस्कचं चित्र एकत्र दिसतं आणि चुकीच्या पार्टिशनला हात लागण्याची शक्यता कमी होते.

त्याच उजव्या क्लिकच्या यादीत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हेही असतात. माऊस सावकाश चालवा.

'डी' डीव्हीडी ड्राइव्हने घेतलंय. मला ते डेटाच्या पार्टिशनला हवंय.

थेट अदलाबदल होत नाही, कारण एक अक्षर एका वेळी एकालाच मिळतं. आधी डीव्हीडीला लांबचं अक्षर द्या, उदाहरणार्थ 'एक्स'. 'डी' मोकळं झालं की ते पार्टिशनला द्या. हवं तर मग डीव्हीडीला 'ई' वर आणा.

कमांडने करता येतं का?

येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'डिस्कपार्ट' चालवा. 'लिस्ट व्हॉल्यूम' दिल्यावर क्रमांक, अक्षर, लेबल आणि आकार यांची यादी येते. 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि तो क्रमांक, मग 'असाइन लेटर=' आणि हवं ते अक्षर. अक्षर काढून टाकायला 'रिमूव्ह लेटर='. क्रमांक दर वेळी तोच असेल असं नाही, म्हणून लेबल आणि आकार दोन्ही जुळवूनच निवडा. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाची कमांड आहे, ती निवडलेल्या अख्ख्या डिस्कची पार्टिशनं पुसते. अक्षर बदलायला तिचा काही उपयोग नाही, कुणी सांगितलं तरी देऊ नका.

पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीत 'सेट-पार्टिशन' हे एका ओळीत करतं.

'सी' चं अक्षर बदलता येतं का?

विंडोज नाही म्हणतं आणि ते बरोबरच आहे. ज्या व्हॉल्यूमवरून विंडोज चालू आहे त्याचं अक्षर डिस्क मॅनेजमेंट बदलू देत नाही. इंटरनेटवर रजिस्ट्रीत हाताने बदल करायच्या युक्त्या सापडतील. सर्व्हिसेस, ड्रायव्हर, प्रोग्रॅम यांच्या असंख्य नोंदींत 'सी' लिहिलेलं असतं, ते बदललं की विंडोज सुरू होण्याचीही खात्री राहत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरतं ती) ठेवली असेल तर तिथेही अडचण येते. आधी पेजफाइल हलवा, संगणक रीस्टार्ट करा, मग त्या ड्राइव्हचं अक्षर बदला.

माझ्या पेन ड्राइव्हचं अक्षर सारखं बदलतं. कायमचं एक ठेवता येईल?

त्या एका संगणकापुरतं ठेवता येतं. ड्राइव्ह लावलेला असताना त्याला वर सांगितल्याप्रमाणे 'आर' किंवा 'टी' असं लांबचं अक्षर द्या. 'डी', 'ई', 'एफ' ही अक्षरं दुसरं कुणीतरी पटकन घेतं, मग तुमच्या ड्राइव्हला ठरलेलं अक्षर मिळत नाही. लांबच्या अक्षरावर असा झगडा होत नाही. बॅकअपच्या डिस्कसाठी हे जरूर करा, नाहीतर रात्रीचा बॅकअप 'पाथ सापडला नाही' म्हणून गप्प बसतो आणि गरज पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

तरीही बदलत असेल तर दोष ड्राइव्हमध्ये असू शकतो. काही स्वस्त पेन ड्राइव्हना स्वतःचा अनुक्रमांक नसतो. अशा ड्राइव्हला विंडोज तो कोणत्या यूएसबी पोर्टला लावला त्यावरून ओळखतं, म्हणून पोर्ट बदलला की त्याला नवा पाहुणा समजतं. एकाच पोर्टला लावत जा.

ड्राइव्ह लावला की आवाज येतो, दिवा लागतो, पण 'धिस पीसी'त काहीच नाही.

डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. तिथे पार्टिशन दिसतंय पण अक्षर नाही, तर 'ॲड' करून अक्षर द्या, काम झालं. डिस्क 'ऑफलाइन' असेल तर तिच्या नावावर उजवं क्लिक करून 'ऑनलाइन' करा, पण ती दुसऱ्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, असेल तर आधी खालचं क्लोनविषयीचं उत्तर वाचा. 'अनअलोकेटेड' किंवा 'रॉ' दिसत असेल तर गोष्ट वेगळी: पार्टिशन किंवा फाइल सिस्टम विंडोजला वाचता येत नाहीये. डेटा महत्त्वाचा असेल तर इथे थांबा, काहीही लिहू नका, आधी डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

एखाद्या संगणकावर कोणत्याच नव्या ड्राइव्हला अक्षर मिळत नसेल, तर तिथे ऑटोमाउंट, म्हणजे आपोआप अक्षर देण्याची सोय, बंद केलेली असू शकते. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्हॉल', जागा, स्लॅश आणि 'ई' दिलं की ती पुन्हा चालू होते.

'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' असा निरोप आला. करू का?

थांबा. हा निरोप बिघाडाचाच असतो असं नाही. विंडोजला न समजणाऱ्या फाइल सिस्टमला अक्षर मिळालं तरी हाच निरोप येतो. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड किंवा लिनक्सचा पेन ड्राइव्ह विंडोजला लावला की हे हमखास दिसतं. आत सगळं ठणठणीत असतं, आणि एक 'येस' ते घालवतो. अशा पार्टिशनचं अक्षरच काढून टाका, निरोप यायचा थांबेल.

'ए' आणि 'बी' आज वापरावीत का?

हाताने देता येतात आणि चालतातही. काही जण 'बी' बॅकअपला देतात, लक्षात राहायला सोपं. फक्त फार जुनं सॉफ्टवेअर त्यांना फ्लॉपी समजू शकतं, तसं काही वापरत असाल तर टाळा.

२६ अक्षरं संपली तर?

घरी असं सहसा होत नाही, सर्व्हरवर होतं. त्यासाठी विंडोज २००० पासून व्हॉल्यूम अक्षराऐवजी फोल्डरला जोडता येतो. एनटीएफएस ड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करा, मग अक्षराच्या त्याच खिडकीत 'माउंट इन द फॉलोइंग एम्टी एनटीएफएस फोल्डर' निवडा. 'सी' वरचा 'फोटो' फोल्डर उघडला की तुम्ही खरं तर दुसऱ्या डिस्कमध्ये असता. लिनक्स आणि मॅकवर मुळात अशीच रचना आहे: अक्षरं नाहीतच, एकच झाड आणि प्रत्येक डिस्क त्याच्या एखाद्या फांदीला जोडलेली.

उलट दिशेचीही सोय आहे. 'सबस्ट' कमांडने एखाद्या फोल्डरलाच अक्षर देता येतं. ते लॉग आउट किंवा रीस्टार्टपर्यंतच टिकतं.

नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर काही प्रोग्रॅमना दिसत नाही. का?

कारण ते अक्षर संगणकाचं नसतं, लॉगिन केलेल्या त्या वापरकर्त्याच्या सत्राचं असतं. 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करताना विंडोज 'झेड' पासून मागे सुचवत येतं, ते डिस्कच्या अक्षरांशी टक्कर होऊ नये म्हणून सोयीचं आहे. पण 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेला प्रोग्रॅम वेगळ्या अधिकाराने चालतो आणि त्याला तुमचं 'झेड' सहसा दिसत नाही. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या बॅकअपचंही तेच. अशा ठिकाणी अक्षर देऊच नका, दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा सर्व्हरचा आणि शेअरचा पूर्ण पत्ता द्या.

जुन्या विंडोजवर, विशेषतः एक्सपीवर, पेन ड्राइव्हला नेमकं नेटवर्क ड्राइव्हचंच अक्षर मिळायचं आणि तो त्याच्यामागे लपायचा. कार्यालयांत अजून असे संगणक असतील तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर बदला.

हार्ड डिस्क एसएसडीवर क्लोन केली. अक्षरांचा गोंधळ होईल का?

होऊ शकतो. क्लोनमध्ये डिस्कची स्वाक्षरीही हुबेहूब उतरते आणि विंडोजला एकाच ओळखीच्या दोन डिस्क चालत नाहीत. दोन्ही एकत्र लावल्या तर ते एक ऑफलाइन ठेवतं. तिला हट्टाने ऑनलाइन केलं तर विंडोज तिची स्वाक्षरी बदलतं, आणि तीच पुढे बूट करायची डिस्क असेल तर ती सुरूच होत नाही असं घडतं. सरळ रस्ता: क्लोन संपला की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा, पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. सगळं नीट चालतंय हे काही दिवस पाहून मग जुनी लावा.

विंडोज सुरू होत नाही. दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सी' रिकामं दिसतंय!

घाबरू नका. तिथे तुमचं नेहमीचं विंडोज चालू नसतं, रिकव्हरीचं छोटं विंडोज मेमरीत चालतं आणि स्वतःला 'एक्स' म्हणवतं. त्याच्याकडे तुमच्या विंडोजचा हजेरीपट नसतो, म्हणून ते अक्षरं आपल्या हिशेबाने वाटतं. तुमचा 'सी' तिथे 'डी' किंवा 'ई' झालेला असू शकतो. सवयीने 'सी' वर चेकडिस्क (डिस्क तपासणारी कमांड) किंवा एसएफसी (विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड) चालवली तर भलत्याच पार्टिशनची तपासणी होते आणि 'काही दोष नाही' असं उत्तर येतं.

आधी 'डिस्कपार्ट', 'लिस्ट व्हॉल्यूम', आणि आकार-लेबल पाहून 'एक्झिट'. मग प्रत्येक अक्षरावर 'डीआयआर' देऊन बघा. ज्यात 'विंडोज', 'युजर्स' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' हे तिन्ही फोल्डर एकत्र दिसतील, ते तुमचं विंडोज. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर तो ड्राइव्ह कुलूपबंद दिसेल, आधी रिकव्हरी की देऊन उघडावा लागेल. पुढच्या प्रत्येक कमांडमध्ये तिथे सापडलेलं अक्षर वापरा. डिस्कपार्टने ते 'सी' करत बसू नका: संगणक सुरू झाला की तुमचं विंडोज आपलं अक्षर परत घेतंच.